महासंगणक वामनमुळे अडला नव्हता

पांढुर्ण्याला माझ्या घरी चहा घेत होतो, तेवढ्यात सौंसरहून सुमनवहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले..." हे म्हणजे वामन, माझा शाळासोबती.

आम्ही दोघं पुण्यात एका संस्थेच्या महासंगणक विभागात होतो. मी प्रमुख, तो यंत्राचा वेग तपासणारा. नवा महासंगणक आला आणि ठरावीक चाचणीत झकास पळाला. वामनने मात्र त्यावर आमचा रोजचा हवामान-अंदाजाचा प्रोग्राम चालवला, तोही इतरांची कामं सुरू असताना. वेग पार कोसळला. प्रोसेसर उत्तम होते, पण त्यांना जोडणारं जाळं तोकडं. गणित करायचं सोडून ते एकमेकांच्या आकड्यांची वाट पाहत बसायचे.

"चाचणीत तर पास झाला नं?" मी म्हणालो.

"झाडावरची संत्री दाखवून राहिला तू मला," तो हसला. "गाडीत किती भरली ते सांग नं बे!"

उद्घाटन ठरलं होतं. मी त्याचं मोजमाप बाजूला सारून यंत्र स्वीकारलं. पुढे अंदाज वेळेत निघेनात, तेव्हा वरिष्ठांनी जाब विचारला. वामनने प्रोग्राम नीट बसवला नसेल, असं मीच म्हणालो. त्याला विभागातून हलवलं. तो नोकरी सोडून सौंसरला परतला. 'पुण्याची मशीन झेपली नाही याला,' असं गाव म्हणत राहिलं. त्याचं मोजमाप अचूक होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. नंतर रामाकोना गावातल्या एका लग्नात तो पंगतीत शेजारी येऊन बसला. "जेव नं साहेब, वाळून राहिला तू." भांडला असता तर सोपं गेलं असतं...

तेरवीनंतर वहिनींना सगळं सांगितलं. त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे त्यांच्यासमोर सांगाचं होतं, भाऊजी. मी पण टोमणे मारले नं त्यांना... त्याच मशीनवरून."

त्याच्यासमोर सांगायचं राहूनच गेलं. म्हणून निदान चारचौघांसमोर हे लिहितो आहे.

परवा पुन्हा सौंसरला गेलो, तर वहिनींच्या घरी इन्व्हर्टर बसवणं चाललं होतं. "दुकानात चेक करूनच आणला, काकू," मेकॅनिक म्हणाला.

"दुकान नाही चालवाचं मले त्याच्यावर," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पंखे, कूलर, दिवे, सगळं लावलं, मेन बंद केलं आणि वामनच्या खुर्चीत घड्याळाकडे पाहत बसल्या.