आईने चौरंगावरून वाचलेलं पान

परवा बदलापूरला ताईकडे गेले होते. तिच्या लेकीच्या टेबलावर ‘आयुष्य बदला’ छापाच्या पुस्तकांची ही एवढी चळत… मी हसले, तर ती म्हणाली, “मावशी, खरं सांग, असली पुस्तकं वाचून कोणाचं काही भलं झालंय का?”

झालंय. तुझ्या आजीमुळे तुझ्या आईचं झालंय.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही अंबरनाथच्या वस्तीत एका खोलीत राहायचो. ताई दहावीला, आणि घरात सदान्‌कदा माणसांचा राबता. आई उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होती. ताई नापास झाली तर तीही आपल्या शेजारच्या मशीनवर येऊन बसणार, याची आईला फार धास्ती होती.

वस्तीत ऐसपैस जागा एकच, बुद्धविहाराचा हॉल. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, तिथे रोज संध्याकाळी गुरुजी चौरंगावर ग्रंथ ठेवून वाचन करायचे. ते आटोपलं की पोरं कॅरम मांडायची. तो हॉल मुलींना अभ्यासाला मिळावा, असं आईच्या मनात होतं… पण सभेत बोलायचं म्हटलं की तिची दातखीळ बसायची.

मग बाबांनी स्टेशनबाहेरून एक पुस्तक आणलं, सभेत धीटपणे बोलायला शिकवणारं. ताठ उभे राहा, नजर भिडवा, सुरुवात विनोदाने करा… आई कपाटाच्या आरशासमोर सराव करायची. तिच्या विनोदाला आम्ही कोणी कधी हसलो नाही.

रविवारी वाचनानंतर वस्तीची सभा होती. गुरुजी म्हणाले, “बोला वहिनी.” आई ताठ उभी राहिली, नजरही भिडवली… आणि तोंडातून शब्द फुटेना. विनोद तर पार विसरली. पोरं कॅरम आणायला उठली.

मग आईने जे केलं ते त्या पुस्तकात कुठेच नव्हतं. ती सरळ गुरुजींच्या जागेवर जाऊन बसली, पिशवीतलं तेच पुस्तक चौरंगावर ठेवलं आणि मोठ्याने वाचायला लागली.

त्या जागेवरून वाचन सुरू झालं की आमच्याकडे मध्ये कोणी बोलत नाही. उठलेली पोरं मुकाट खाली बसली. दोन-तीन आज्यांनी तर हातसुद्धा जोडले…

“जे हवे ते स्पष्ट मागा. मागताना क्षमा मागू नका.” आधी आवाज कापत होता, पान संपेपर्यंत ठणठणीत झाला. मग तिने पुस्तक मिटलं. “माझ्या पोरीला अभ्यासाला जागा पाहिजे. वस्तीतल्या सगळ्याच पोरींना पाहिजे. वाचन झालं की हॉल त्यांना द्या. कॅरम बाहेर पत्र्याखाली खेळा.”

गुरुजींनी चष्मा पुसला. “वहिनी, हा कुठला ग्रंथ?”

“तुमच्या भावाने स्टेशनवरनं आणलाय.”

गुरुजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग पोरांना म्हणाले, “कॅरम बाहेर घ्या रे.”

ताई त्या वर्षी पास झाली. आज ती शाळेची मुख्याध्यापिका आहे, आणि त्या हॉलमध्ये अजूनही संध्याकाळी मुली अभ्यासाला बसतात.

भाचीला एवढंच म्हटलं… आजी ते पुस्तक कितीतरी दिवस घरातल्या घरात वाचत होती, तेव्हा काही झालं नाही. चारचौघांत मोठ्याने वाचलं, तेव्हा झालं. त्या पुस्तकाचं नाव आज मला आठवत नाही. पण तेव्हा गर्दीतून कोणीतरी विचारलं होतं, “ही कोणाची आई?” आणि मी सगळ्यांच्या आधी हात वर केला होता.