तासांची वही

आमच्या भावोजींना सगळी गल्ली 'दुसरी किल्ली' म्हणते. कुलपं दुरुस्त करायचं आणि किल्ल्या बनवायचं त्यांचं दुकान आहे. कोणी किल्ली करून घ्यायला आलं की हे आधी चष्म्यावरून बघणार आणि विचारणार, "दुसरी किल्ली कोणाकडे असते?" गिऱ्हाईक बिचारं उगाच चोरासारखं कावरंबावरं होतं. माझं लग्न ठरलं तेव्हा हे गुपचूप माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या ऑफिसात जाऊन हजेरीपट बघून आले होते. मी ते अजून विसरलेले नाही.

तर अशा माणसाच्या हातात वस्तीच्या समितीने वही दिली.

त्याचं असं झालं. आमच्या वस्तीचा हॉल आठ पायऱ्या चढून वर आहे. दर गुरुवारी तिथे व्यायाम घेणाऱ्या एक बाई येतात आणि झटका येऊन गेलेल्यांचे हातपाय चालते करतात. माझ्या ताईला, म्हणजे भावोजींच्या बायकोला, दोन वर्षांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली. सुरुवातीला चौघंजण तिला खुर्चीसकट उचलून वर न्यायचे. एकदा पाचव्या पायरीवर खुर्ची कलली, आणि ताईने असा काही हंबरडा फोडला की त्यानंतर तिने गुरुवारचं नावच टाकलं. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अजून वर्षभर अशीच बसून राहिली तर हात कायमचा आखडेल." रॅम्प झाला असता तर प्रश्न सुटत होता.

पालिका अशा कामांना अनुदान देते. पण अट होती की वस्तीनेही आपला वाटा उचलायचा, पैशांनी नाहीतर कष्टाने. हॉलची सफाई, डागडुजी, रंग मिळून चारशे तास लोकांनी फुकट राबायचं. प्रत्येकाचे तास वहीत लिहायचे आणि समोर सही घ्यायची ती ते काम डोळ्यांनी पाहिलेल्या दुसऱ्या माणसाची. एका शुक्रवारी पालिकेच्या बाई वही तपासायला येणार होत्या.

भावोजींनी त्या वहीवरून लोकांचा जो काही छळ मांडला! रंगाऱ्याने सहा तास लिहिले, यांनी चहाचे आणि फोनचे वजा करून साडेचार केले. बँकेतून निवृत्त झालेले आजोबा तीन तास 'देखरेख' करत होते, त्यांना भोपळा. "उभं राहणं म्हणजे काम नव्हे," हे त्यांच्या तोंडावर. आजोबा तेव्हापासून आमच्याकडे बघून मान फिरवतात. तपासणीच्या आधीचा रविवार उजाडला तेव्हा वहीत तीनशे बासष्ट तास होते आणि वस्तीतले लोक रुसून घरी बसले होते.

"अहो भावोजी, हे कोणासाठी चाललंय? तुमच्याच बायकोसाठी ना?" मी दुकानात जाऊन ओरडले. "ते कापलेले तास परत लिहा!"

"जे झालं नाही ते कसं लिहू?" एवढं बोलून त्यांनी कानस उचलली आणि किल्ली घासायला लागले.

तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. या माणसाला रॅम्प नकोच आहे की काय? ताई घरात असते, खुर्चीत असते, कुठे जात नाही, कोणाशी बोलत नाही. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काय असणार? विचार घाण होता, मला कळत होतं. पण एकदा डोक्यात शिरला तो शिरलाच.

त्यात आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते आणि दुपारी ताईजवळ बसायला खाली येते. गेले दोन महिने रोज दुपारी हे जेवायला येत, ताईला भरवत, आणि दोनला दुकानात म्हणून निघत. दुकानावर मात्र चारपर्यंत 'आत्ता येतो' अशी पाटी. शेजारच्या शिंप्याने मला हसत हसत विचारलंसुद्धा, "तुमचे भावोजी दुपारचे जातात कुठे हो?" म्हटलं, इथे नक्कीच पाणी मुरतंय.

मंगळवारी मी त्यांच्या मागे गेले. चोरासारखी, भिंतीच्या कडेकडेने. बाई ग, या वयात! हे हॉलच्या मागच्या दाराने आत शिरले. मी पाच मिनिटं थांबले. आतून कोणाचं बोलणं ऐकू येतंय का म्हणून कान लावला. नुसती खरखर येत होती. मग दार ढकललं.

भावोजी स्टुलावर चढून खिडकीच्या गंजलेल्या बिजागरीला पॉलिशपेपर मारत होते. अंगात बनियन, केसांत गंजाची पूड. खाली जमिनीवर ग्रीसचा डबा आणि सुट्या कड्या ओळीने मांडलेल्या. मी तिथेच खाली बसून पाहत राहिले. सव्वा तास झाला तरी हा माणूस पाणी प्यायला थांबला नाही.

"हे किती दिवस चाललंय?" मी शेवटी विचारलं.

"दोन महिने. अकरा खिडक्या, तीन दारं. ही शेवटची."

"म्हणजे तास किती झाले?"

"एक्क्याऐंशी."

"आणि वहीत?"

"कोणी पाहिलं नाही. आणि वही माझ्याकडे, रॅम्प माझ्या बायकोला. मी माझेच तास लिहिले तर लोक काय म्हणतील? मी तरी काय म्हटलं असतं?"

आता माझाही स्वभाव काही कमी नाही. मी उठले आणि अकराच्या अकरा खिडक्या उघडून, लावून, कड्या ओढून पाहिल्या. वर्षानुवर्षं अडकलेल्या खिडक्या लोण्यासारख्या सरकत होत्या. शेवटच्या खिडकीशी मला रडू आलं. ज्या माणसाबद्दल मी काय काय मनात आणलं होतं, तो हे करत होता.

"वही द्या," मी म्हटलं.

"आजचा सव्वा तास लिही. तेवढाच पाहिलास."

चारशेला अडतीस कमी पडत होते. मी त्यांचे चाळीस तास लिहिले आणि समोर माझी सही ठोकली. त्यांचा चेहरा उतरला. "हे खोटं आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

"काम खरं आहे ना? मग खोडायचं तर तुम्ही खोडा. माझ्याच्याने होणार नाही." पेन त्यांच्या डब्यात फेकून मी निघाले.

शुक्रवारपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. खोडलं असणार, हे मला ठाऊकच होतं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पालिकेच्या बाई बारीक नजरेच्या निघाल्या. पानागणिक बोट फिरवत गेल्या, खाडाखोड पाहून दोनदा "वा" म्हणाल्या. शेवटच्या पानावर थांबल्या. माझी सही जशीच्या तशी होती.

"हे चाळीस तास तुम्ही स्वतः पाहिलेत?" त्यांनी मला विचारलं.

"हो," मी म्हटलं. माझं काय, मी आयुष्यात बऱ्याचदा खोटं बोललेय.

मग त्या भावोजींकडे वळल्या. "वही तुम्ही ठेवलीत. इतक्या काटेकोरपणे ठेवलीत. यांनी पाहिल्याची तुम्ही खात्री केलीत?"

सगळी समिती त्यांच्याकडे पाहत होती. बँकेवाले आजोबासुद्धा. भावोजींनी रुमाल काढला, कपाळ पुसलं, रुमाल परत खिशात ठेवला.

"केली," ते म्हणाले.

बाईंनी खाली सही केली.

पावणेदोन महिन्यांनी रॅम्प झाला. पहिल्या गुरुवारी भावोजींनी स्वतः खुर्ची ढकलत ताईला वर नेलं. ताई मोठमोठ्याने हसत होती. इतकी हसलेली मी तिला झटका आल्यापासून पाहिली नव्हती. समितीच्या अध्यक्षबाईंनी तिथेच जाहीर केलं की पुढचा अर्ज शौचालयासाठी करायचा, आणि वही अर्थातच यांच्याकडे.

"नको," भावोजी म्हणाले. "दुसऱ्या कोणाला तरी द्या."

"अहो, तुमच्याइतका भरवशाचा माणूस कुठून आणू आम्ही?"

भावोजींनी ताईचा पदर चाकात जाईल म्हणून सारखा केला, आणि वर न बघताच म्हणाले, "माझा आता भरवसा नाही."

सगळे हसले. त्यांना वाटलं, थट्टा करतायत. मला हसता आलं नाही.