मुका पंचम

देवाच्या बाबतीत काही लिहायला बसलो की पहिल्यांदा मला माझाच संशय येतो. चाळीस वर्षं भजनात पेटी वाजवली, पण डोळे मिटून वाजवली असं कधी झालं नाही. सगळे रंगलेले असताना मी आपला बघत असायचो, कोण खरं रंगलंय आणि कोण शेजारच्याला दाखवायला डोलतंय. माझी नोकरी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये झाली. तिथे सहीशिवाय नटबोल्टसुद्धा हलायचा नाही आणि जो माणूस जास्त गोड बोलेल त्याची पिशवी मी आधी उघडायला लावायचो. निवृत्त झालो, पण सवय काही गेली नाही. दूधवाल्यावर संशय, केबलवाल्यावर संशय आणि लाज सोडून सांगायचं तर विठोबावरसुद्धा. हिला अर्धांगाचा झटका आला तेव्हा देव्हाऱ्यासमोर उभा राहून मी त्याला सरळ विचारलं होतं, ‘चाळीस वर्षं वाजवून घेतलंस आणि शेवटी हे दिलंस होय?’

त्या झटक्यात हिची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. सगळं कळायचं, पण तोंडातून शब्द म्हणून फुटायचा नाही. हो की नाही हेसुद्धा मान हलवून. मग एका संध्याकाळी मी सहज पेटी काढून बसलो होतो, हिच्या पट्टीत एका अभंगाची चाल धरली आणि हिने पलंगावरून अख्खी ओळ म्हटली. शब्दांसकट. माझे हात तिथेच थांबले. डॉक्टर म्हणाले, काही पेशंटच्या बाबतीत होतं असं, बोलणं जातं पण गाणं शिल्लक राहतं. त्याहून मोठी गंमत म्हणजे गाऊन झालं की दहा-पंधरा मिनिटं हिची जीभ सैल असायची. ‘अहो’ म्हणायची, ‘पाणी’ म्हणायची, एकदा तर ‘दाढी करा’ म्हणाली. त्या दहा-पंधरा मिनिटांसाठी मी रोज संध्याकाळी पेटी काढायचो. तोच आमचा दिवसभरातला संसार होता.

आमचं भजनी मंडळ तसं हौशी माणसांचं आहे. पेटी वाजवतो म्हणून मला तिथे मास्तर म्हणतात. कोणी ठाण्याहून येतं, कोणी डोंबिवलीहून, दोघं-तिघं जवळच्या मोहने गावचे. दर शनिवारी संध्याकाळी एकेकाच्या घरी पाळी असते आणि पाळी लागलेलं घर काहीही झालं तरी चुकवायचं नाही, हा नियम. पखवाजाला बाळाराम. मोहन्याचा जुना आगरी, वाडवडिलांची जमीन राखून असलेला, हाताला आणि जिभेला दोन्हीला जड. माझ्या पेटीवर त्याचा डोळा आहे असं मला फार दिवस वाटत होतं, कारण एकदा त्याने ती विकत मागितली होती. पेटी माझ्या वडिलांच्या वेळची, जर्मन सुरांची, म्हणजे आत हवेने वाजणाऱ्या पितळी पात्या जर्मनीच्या. तसे सूर आता मिळत नाहीत. मी नाही म्हटलं तेव्हा तो नुसता हसला होता. ते हसणं मी मनात जपून ठेवलं होतं.

त्या पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी शहाडला आमच्या सोसायटीत शिरलं. आम्ही तळमजल्यावर. सकाळी अंगणात होतं, दुपारी कमरेपर्यंत आलं. शेजारच्यांनी हिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून पहिल्या मजल्यावर नेलं. पेटी राहिली खाली दिवाणावर. मी जिन्यावरून परत वळलो तर हिने डाव्या हाताने माझा शर्ट असा धरला की बटण तुटलं, पण सोडलं नाही. वरच्या गॅलरीतून मी पाण्याकडे बघत राहिलो. माणसं वाचली याचा आनंद मानायचा सोडून मी दिवाण किती उंच आहे ते आठवत होतो.

पाणी उतरल्यावर घरात घोटाभर चिखल आणि नाकाला झिणझिण्या आणणारा वास. तिसऱ्या दिवशी मंडळी आली, बायकासुद्धा, खराटे, बादल्या, फिनेल घेऊन. न बोलावता. मला पहिला प्रश्न पडला, यांना काय पाहिजे? दहा-बारा माणसं घरभर फिरत होती, कपाटं उघडत होती, आणि मी कोपऱ्यात उभा राहून कोणाच्या हातात काय आहे ते डोळ्यांत तेल घालून बघत होतो. हिला खाली आणून गॅलरीच्या दारापाशी खुर्चीत बसवलं होतं. पेटीतून पाणी गळत होतं. ऊन पडलेलं बघून मी ती गॅलरीच्या कठड्यापाशी नेऊन ठेवली आणि तलाठी पंचनाम्याला आले म्हणून फाटकापर्यंत गेलो. परत येतो तर कठड्यापाशी नुसतं ओलं चौकोनी डबकं. पेटी गायब.

मी आरडाओरडा केला नाही. स्टोअरमध्ये शिकलो होतो, चोराला सावध करायचं नाही. कोणालाच काही विचारलं नाही, पेटी हा शब्दसुद्धा उच्चारला नाही. फक्त बघत राहिलो. बाळाराम त्या दिवशी सगळ्यांच्या आधी निघून गेला होता, हे मी लगेच हेरलं.

पुढचा महिना मी कसा काढला ते आता लिहितानाही लाज वाटते. मंडळी पाळी लावून डबे पाठवत होती. शनिवारचं भजनही, घर नीट लागेपर्यंत आमच्याचकडे करायचं, असं त्यांनी ठरवलं. मला त्यातही काळंबेरं दिसायचं. डोंबिवलीच्या कुलकर्णीबाई डबा घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या बोटांना पितळ घासल्यासारखा काळपट रंग होता आणि त्यांच्या पिशवीला लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास येत होता. मी डब्याचं झाकण उघडून आमटी हुंगली, पण मनात नोंद त्या वासाची केली. एकदा दोघीजणी दाराशी कुजबुजत होत्या, मला बघून गप्प झाल्या. एक जण म्हणाले, “धीर धरा, होतंय सगळं हळूहळू.” म्हटलं, काय होतंय? कोणाचं होतंय? आणि बाळाराम तर एकाही शनिवारी फिरकला नाही. पखवाजाशिवाय भजन चाललं होतं. आता आणखी काय पुरावा पाहिजे?

एका शनिवारी कोणीतरी दुसरी पेटी आणली. चांगली होती, नवी होती. मी हिच्या पट्टीत अभंग धरला. हिने थोडा वेळ ऐकलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ओठसुद्धा हलले नाहीत. पेटी गेल्यापासून हिचं गाणं बंदच होतं, आता ही पुरती मुकी झाली. ‘अहो’ गेलं, ‘पाणी’ गेलं. फक्त मला बघितलं की डावा हात उचलायची, गॅलरीकडे दाखवायची आणि मान जोरजोरात हलवायची. पेटी गेली म्हणून दुःख करतेय असं मला वाटायचं. मी म्हणायचो, “अगं, सोडत नाही मी त्याला. तू बघच.” त्यावर ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. देव्हाऱ्यातल्या विठोबाची तसबीर पाण्याने फुगली होती. मी ती पुसलीही नाही. तूही त्यांच्यातलाच, असं त्याला म्हटलं.

शेवटी एका शनिवारी सकाळी रिक्षा करून मी मोहन्याला बाळारामच्या घरी धडकलो. त्याच्या ओटीवरच माझ्या पेटीचा सांगाडा पडला होता. वरची फळी नाही, भाता नाही, आत सूर नाहीत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मंडळातले चार-पाच जण तिथेच सतरंजीवर बसले होते, कुलकर्णीबाईसुद्धा. म्हणजे सगळी टोळी एकत्र सापडली. मी काय काय बोललो ते सगळं लिहिणार नाही. जिभेला हाड नव्हतं. “चोर आहेस तू,” म्हणालो. “मुक्या बाईच्या तोंडातला घास काढलास. सूर विकून खाल्लेस ना?”

बाळारामच्या हातात एक लहान ब्रश होता, तो त्याने खाली ठेवला. त्याची बायको आतून चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. कुलकर्णीबाईंनी पुढ्यातला पांढरा पंचा माझ्यासमोर सरकवला. त्यावर माझ्या पेटीचे पितळी सूर ओळीने मांडले होते, प्रत्येकाखाली कागदाचा कपटा आणि त्यावर नंबर. भाता ठाण्याच्या एका सभासदाने नव्याने शिवून आणला होता. पट्ट्या दोघींनी दात घासायच्या ब्रशने एकेक करून धुतल्या होत्या. फळी पंख्याखाली तीन आठवडे वाळली होती. कल्याणच्या दुरुस्तीवाल्याने टाकून द्या म्हणून सांगितल्यावर ही माणसं महिनाभर, जमेल तसा वेळ काढून, माझी पेटी घराघरांतून वाटून घेऊन जिवंत करत होती.

“मग मला सांगायला काय झालं होतं?” मी विचारलं. अजूनही आवाज चढलेलाच होता.

“सांगितला ना,” बाळाराम म्हणाला. “तुमी फाटकावर होतात. उन्हात पापड घालतात मास्तर, पेटी नाय. लाकूड तडकला असता. मी वहिनींना इचारला, नेऊ का म्हणून. त्या हो म्हणाल्या, मंगच उचलली. घरच्या बाईला इचारल्याबिगर आमी कुणाच्या घरातनं काडी उचलत नाय.”

हिला विचारलं होतं! अख्ख्या घरात ज्या एका बाईला बोलता येत नव्हतं, तिची रीतसर परवानगी घेऊन हा माणूस गेला होता. तिने मान हलवून होकार दिला होता. आणि मग महिनाभर ती मला गॅलरी दाखवून तेच सांगत होती, की चोरी नाही झाली हो, मी दिलीय. मंडळींना वाटलं, मला सगळं ठाऊक आहे, फक्त दुःखामुळे विषय काढत नाही. मी एकदा, एकदाच, “पेटी कुठे आहे?” असं विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी उत्तर मिळालं असतं. पण मी चोराला सावध करत नव्हतो ना!

“आणि शनिवारी का नाही आलास?” मी विचारलं. खरं म्हणजे आता विचारायला तोंड नव्हतं.

तो खाली बघून म्हणाला, “वहिनी डोळ्यांनी इचारणार, झाली का पेटी? मी काय सांगणार? जमंल का नाय, मलाच ठाव नव्हता.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षं पेटी वाजवणारा मी, ओलं लाकूड उन्हात ठेवलं. आणि ज्याने ते वाचवलं त्याला मी त्याच्याच ओटीवर चोर म्हणालो. माफी मागायची होती, पण शब्द फुटेना. हिचं रोज काय होत असेल ते मला त्या क्षणी कळलं. मी तसाच सतरंजीवर टेकलो आणि कुलकर्णीबाईंनी दिलेले सूर एकेक करून बसवायला लागलो. दुपारपर्यंत पेटी उभी राहिली. फक्त एक जागा रिकामी होती. मधल्या सप्तकातल्या एका सुराची जीभ साफ करताना तुटली होती. दुसरा बसवून पाहिला होता, पण तो परका वाटायचा. नेमका हिच्या पट्टीतला पंचम. ती पट्टी दाबली की नुसती हवा. इतक्या सुरांमधून हाच कसा तुटला, अशी पाल तेव्हाही माझ्या मनात चुकचुकली, हे कबूल करतो. स्वभाव एका दुपारी बदलत नाही.

संध्याकाळी आमच्याकडे भजन. बाळाराम पखवाज घेऊन आला आणि दाराशी बसला, माझ्याकडे न बघता. मी पेटी पुढ्यात घेतली, भाता सोडला. आवाज तोच, वडिलांच्या हातचा. हिने भिंतीकडून तोंड फिरवलं. मी अभंगाची चाल धरली. ही ऐकत होती, ओठ मिटलेलेच. ओळ वर चढली, माझं बोट पंचमावर गेलं आणि पेटी गप्प झाली. सगळ्या खोलीत त्या जागी काहीच नव्हतं.

आणि त्या जागेवर हिचा आवाज आला. एकटा. थोडा कापरा, पण नेमका पंचम. तिथून ती पुढे निघाली, शब्दांसकट, ओळ पुरी केली. दुसऱ्या ओळीला पुन्हा पेटी तिथेच थांबली आणि पुन्हा तिने ती जागा भरली. कुलकर्णीबाई टाळ वाजवायच्या थांबल्या. बाळारामचे हात चालू होते, पण डोळे वाहत होते. मी त्या संध्याकाळी, आयुष्यात पहिल्यांदा, डोळे मिटून पेटी वाजवली. कोण खरं रंगलंय ते बघायचं राहूनच गेलं.

भजन संपलं. हिने माझ्याकडे बघितलं, जीभ जुळवली आणि महिन्याभराने पहिल्यांदा म्हणाली, “अहो.” मी पुढे वाकलो. वाटलं, पाणी मागेल, नाहीतर माझ्याविषयी काही बोलेल. तिने डावा हात उचलून दाराकडे दाखवलं. “बाळाराम. चहा.”

मी उठलो. स्वतः चहा केला, कप दोन्ही हातांत धरून त्याच्यापुढे नेला आणि तिथेच त्याच्या गुडघ्याला हात लावला. म्हणालो, “चुकलो रे.” त्याने माझा हात धरून मला बाजूला बसवलं, एक घोट घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “साखर कमी हाय, मास्तर. स्टोअरातली सवय.” त्यावर ही हसली. हसायला तिला पेटी लागत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

हा चमत्कार होता का, मला माहीत नाही. डॉक्टरांकडे त्याचं कारण असेल, आणि सूर तुटायचा तो कोणता तरी तुटणारच होता. मी वाद घालत नाही. विठोबाची तसबीर पुसून घेतली, कडा फुगलेल्याच आहेत. तिच्यापुढे उभा राहिलो तर विचारायला काही सुचलं नाही, म्हणून नुसता नमस्कार केला. आजवर मी सगळं मुठीत धरून ठेवायला बघत होतो, आणि माझं म्हणावं असं जे काही वाचलं ते माझ्या हातातून गेलं म्हणूनच वाचलं.

परवा कल्याणचा तो दुरुस्तीवाला भेटला. म्हणाला, एक जुना जर्मन सूर हाती आलाय, आणा पेटी, पंचम बसवून देतो. मी त्याला नको म्हणून सांगितलं. रोज संध्याकाळी त्या पट्टीवर बोट ठेवतो आणि गप्प बसून वाट बघतो. ती येते.