खोटं दुसरं वर्ष

पहिल्या वर्षाचा निकाल कॉलेजच्या व्हरांड्यात काचेच्या बोर्डावर लागला. मी तो तीनदा वाचला. सहा विषयांत नापास. अशा मुलांना आमच्यात ‘वायडी’ म्हणत, म्हणजे वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसता येत नसे आणि पहिल्याच्या वर्गातही कुणी बोलवत नसे. राहिलेले पेपर पुन्हा द्यायचे, बस.

लासूर स्टेशनच्या शाळेत मी कायम पहिला यायचो. तिथले मास्तर इंग्रजी पुस्तक हातात धरून मराठीतून शिकवत. औरंगाबादला कॉलेजात आल्यावर सगळं इंग्रजीतून, तेही भरभर. पहिल्याच महिन्यात सरांनी मला उभं करून काहीतरी विचारलं. उत्तर येत होतं की नाही हेही मला सांगता येणार नाही, कारण प्रश्नच कळला नव्हता. मी उभा राहिलो. सरांनी हातानंच बस म्हणून खुणावलं. त्यानंतर मी शेवटच्या बाकावर बसू लागलो. ड्रॉइंगच्या शीट पुढच्या मुलांच्या बघून उतरवायचो आणि पास होऊन जाऊ असं स्वतःला सांगायचो.

निकालाच्या दिवशी संध्याकाळच्या पॅसेंजरनं घरी आलो. वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ओसरीवर वाट बघत बसले होते.

“लागला का?”

“लागला.”

“पास?”

“व्हय.”

एवढंच. त्यात काही ठरवून केलं नव्हतं. तोंडातून शब्द गेला आणि आबा लगेच उठून शेजारी सांगायला गेले.

मग जुलैपासून मी रोज सकाळी डबा आणि ड्रॉइंगचा ड्राफ्टर घेऊन निघू लागलो. औरंगाबाद स्टेशनवर कॉलेजची मुलं उतरायची, म्हणून मी पुढं मुकुंदवाडीपर्यंत जायचो. छोटं स्टेशन. तिथं मला ओळखणारं कुणी नव्हतं. फलाटावरच्या बाकावर पुस्तक उघडून बसायचो. सुरुवातीला खरंच वाचायचो. पुढं पुढं नुसतं उघडं ठेवायचो. बसून कंटाळा आला की जालना रोडनं चिकलठाण्यापर्यंत चालत जायचो आणि कारखान्यांची पहिली पाळी सुटताना बघायचो. वहिनी पहाटे उठून डबा करायची, त्यातली भाकरी मी त्याच बाकावर खायचो. आई आम्ही लहान असतानाच गेली होती. घरात बायकांत वहिनी एकटीच. 

एकदा जेवताना आबांनी विचारलं, “दुसऱ्या वर्षाला काय शिकवायलेत?”

“मोटारी,” मी म्हणालो. माझी शाखा इलेक्ट्रिकल होती. दुसऱ्या वर्षाला मोटारी असतात, एवढं मुलांच्या बोलण्यातून माहीत होतं.

हिवाळ्यात कांद्याला पाणी चालू असताना विहिरीवरची मोटार बंद पडली. नुसती घुमायची, पाणी उचलायची नाही. दादा, माझा थोरला भाऊ, मेकॅनिकला बोलवायला निघाला होता. त्याला आबांनी थांबवलं.

“घरात इंजिनियर असताना मेकॅनिक कशाला? मोटारीच शिकतोय तो.”

दादानं माझ्याकडं पाहिलं. “बघतो का?”

नाही म्हणायला तीच वेळ होती. मी म्हणालो, “बघतो की.”

विहिरीवर गेलो. विजेच्या पेटीतल्या मेन स्विचचा खटका तुटलेला होता, म्हणून लाईन बंद करायला फ्यूज काढायचे. तीन होते. मी एक काढून हातात घेतला. त्याच पेटीत स्टार्टरच्या एका वायरीचा स्क्रू ढिला दिसत होता. पक्कड दादाच्या हातात होती.

“हा आवळ,” मी म्हणालो.

“बाकीचे दोन?”

“एक काढला की सर्किट तुटतं,” मी म्हणालो. सर्किट हा शब्द मी मुद्दाम वापरला. दादा दहावीनंतर शेतीत राहिलेला.  त्यानं उजवा हात आत घातला.

तीन फेजमधला एक काढला तरी उरलेल्या दोन वायरींत वीज असतेच. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात हे होतं. मी त्या विषयात नापास होतो.

दादाचा आवाजही निघाला नाही. त्याचं अंग ताठ झालं आणि हात पेटीत चिकटून राहिला. मी बघत होतो. मोटार सुरू झाली की वाफ्याला पाणी वळवायचं म्हणून आलेली वहिनी कोरड्या बांधावरून धावत आली आणि तिनं फावड्याच्या लाकडी दांड्यानं त्याच्या हातावर जोरात मारलं. दोनदा. दुसऱ्या फटक्याला तो सुटून मागं पडला.

औरंगाबादच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात तो महिनाभर होता. उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली. अंगठा राहिला, करंगळी राहिली. वॉर्डात डॉक्टर आले की आबा माझ्याकडं बोट दाखवून म्हणायचे, “हा धाकटा. इंजिनियरिंगला हाय, दुसऱ्या वर्षाला.” चौथ्या दिवशी मला ते ऐकवेना. मी दादाच्या खाटेशेजारी बसून त्याला सगळं सांगितलं. आबा पायथ्याशी उभे होते, त्यांनीही ऐकलं.

दादानं पट्टीकडं पाहिलं. मग म्हणाला, “तुला ठाऊक नव्हतं, एक काढायचा का तीन?”

“नव्हतं.”

“मग म्हणायचं ना तसं. मी मेकॅनिक आणला असता.”

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. आबा वॉर्डाबाहेर निघून गेले. त्यानंतर जवळजवळ वर्षभर ते माझ्याशी थेट बोलले नाहीत. काही सांगायचं असलं तर वहिनीला सांगत. पण मोंढ्यावर, धान्याच्या बाजारात, कुणी विचारलं की उत्तर तेच असायचं, मुलगा दुसऱ्या वर्षाला. माझं खोटं आता त्यांना बोलावं लागत होतं.

मी मुकुंदवाडीला जाणं सोडलं. घरीच अभ्यास करून पेपर दिले. एका वेळी दोन-तीन विषय सुटत गेले. चार वर्षांच्या पदवीला मला सहा वर्षं लागली. पुढं चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागलो. नेमणुकीचं पत्र दादानं डाव्या हातात धरून वाचलं. “बरं झालं,” म्हणाला आणि गोठ्यात गेला. म्हशीची धार तोवर वहिनीच काढू लागली होती. दादाच्या मुठीत आचळ धरलं जात नसे. अर्धी जमीन बटईनं, पिकाच्या वाट्यावर, दिली होती.

त्या दिवसाबद्दल वहिनी कधी बोलली नाही. आबा गेल्यानंतर, तेराव्याची भांडी आवरताना, मीच विषय काढला. म्हणालो, तुम्ही होतात म्हणून दादा वाचला.

ती घासत होती ते पातेलं तिनं खाली ठेवलं.

“फावडं उचलायच्या आधी मी तुमच्याकडं पाहिलं होतं, भाऊजी,” ती म्हणाली. “वाटलं, तुम्ही शिकलेले, तुम्ही काहीतरी कराल. तुम्ही नुसते उभे व्हता.”

मग तिनं पातेलं पुन्हा हातात घेतलं. मी उरलेली भांडी विसळायला बसलो.