दंडावरचा चुगलखोर

बसा. चहा येतोय, पण बिनसाखरेचा येणार आणि सगळ्यांना तसलाच येणार, तेव्हा तोंडं वाकडी करू नका. आमच्या घरात साखर आता देवाच्या नैवेद्यापुरती उरली आहे. ही पाळी माझ्याच अकलेमुळे आली. काय दिवे लावले ते सांगतो, फक्त मध्येमध्ये हसू नका, शेवटी एकदाच काय ते हसून घ्या.

मी सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. अठ्ठावीस वर्षं बिनतारी संदेशाचं काम केलं. कुठला संदेश कुठून निघतो आणि कुठं पोचतो, हे मला कुणी शिकवायची गरज नाही, अशी माझी समजूत. ती लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. दहा पावलांवर कुणी आलं की माणूस आहे एवढं कळायचं, कोण आहे ते आवाजावरून. आणि तेजूचं, माझ्या एकुलत्या एक लेकीचं लग्न महिन्यावर आलेलं. कराडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्यात नवं भिंग बसवू, लेक मांडवात स्वच्छ दिसेल, पण साखर पंधरा दिवस ताब्यात राहिली तरच. नाहीतर तारीख पुढं, म्हणजे लग्नानंतर. मला बाकी काही नको होतं हो. पोरीचं तोंड मांडवात नीट दिसावं, एवढंच.

तेजू पुण्यात कंपनीत कामाला आहे. तिनं एका रविवारी येऊन माझ्या दंडावर एक पांढरं बटण चिकटवलं. त्याची केसासारखी बारीक तार कातडीत जाते, दर पाच मिनिटांनी साखर मोजते आणि माझ्या फोनला सांगते. माझा फोन लगेच तेजूच्या फोनला सांगतो. मी इकडं केळं सोलून खाल्लं की पंधरा मिनिटांत पुण्याहून फोन.

"आण्णा, काय खाल्लंत?"

"काय न्हाई गं."

"आण्णा, रेघ वर चाललीय."

सीमेवर शत्रूला जे जमलं नाही, ते त्या बटणानं आठ दिवसांत केलं. वर तेजू म्हणते, ही तर सुरुवात आहे, पुढं हे कातडीखालीच बसणार, औषधही आपलं आपण सोडणार, डोळ्यातलं भिंगसुद्धा साखर मोजणार. मी म्हटलं, मग माझ्या अंगात माझं असं राहिलं काय? ती म्हणाली, तब्येत.

आता अडचण बघा. लग्नाच्या पत्रिका. निम्मी भावकी नदीपलीकडच्या गावात, आठ घरं. पत्रिका मोबाइलवर पाठवली तर ती पोचली असं आमच्यात कुणी धरत नाही. घरातल्या कर्त्यानं स्वतः जायचं, कुंकू लावून पत्रिका हातात द्यायची आणि चहा घेऊन उठायचं. चहा नाही घेतला तर आमंत्रण पोचलं नाही आणि वर घराचा अपमान झाला. आणि चहा कसला, तर तळाला साखर न विरघळता बसलेली दिसली पाहिजे.

तेजूचं म्हणणं, आण्णांनी ऑपरेशन होईपर्यंत कुठं जायचं नाही. पण ऑपरेशन झाल्यावर आठ दिवस धुरळ्यात जायचं नव्हतं, आणि मग उरलं काय? मंडप घालायचा दिवस.

मी डोकं चालवलं. बटण फोनला सांगतं आणि फोन पुण्याला. म्हणजे फोन घरी ठेवला की बटण सांगणार कुणाला? संच बंद, संदेश बंद. अठ्ठावीस वर्षांचा अनुभव होता माझा.

मंगळवारी बायको तिच्या बहिणीबरोबर साड्या घ्यायला कराडला गेली. मी फोन तांदळाच्या पिंपात खोल खुपसला, वाजला तरी शेजारी ऐकू जायला नको म्हणून. चपला परसातल्या विहिरीपाशी होत्या त्या तशाच राहू दिल्या, लग्नासाठी घेतलेले नवे बूट घातले आणि साडेनऊला वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या, जीपमध्ये बसलो.

काय दिवस गेला म्हणून सांगू! दहापासून तीनपर्यंत आठ घरं. पहिल्या घरी चहा, दुसऱ्या घरी चहा आणि लाडू, गोदाकाकूंच्या घरी शिरा. चौथ्या, चंदरच्या घरी मात्र मनाला जरा टोचलं. चंदरच्या बायकोला, शालनला, मी सांगितलं, बाई, माझ्या कपात साखर घालू नको. तेवढंच पुण्य. पाचव्या घरी पुन्हा सुटलो.

परतताना फाट्यावर वडाप मिळेना. तासभर उभा होतो. मधनं आठदहा मोटारसायकली भरधाव आमच्या गावाकडं गेल्या. मी हात केला, कुणी थांबलं नाही. लोकांना माणुसकी राहिली नाही, असं म्हणत मी उभा.

गावात शिरलो तर आमच्या गल्लीत पांढऱ्या टोप्याच टोप्या. माणसं खाली मुंड्या घालून बसलेली. आमच्या भिंतीला भिंत लागून तात्यांचं घर. तात्या नव्वदीचे, दोन वर्षं आज जातील उद्या जातील असं चाललेलं. मी समजलो. वाईट वाटलं. अशा जागी मोठ्यानं विचारायचं नसतं, म्हणून बूट काढले आणि शेवटच्या माणसाशेजारी मान खाली घालून बसलो.

थोड्या वेळानं हळूच विचारलं, "कवा झालं?"

शेजारचा म्हणाला, "सकाळी साडेनवाला म्हनं. अंगावरचं मशीनच बंद पडलं."

"मशीन बी लावलं हुतं व्हय? पर सुटला बिचारा. वय झालं हुतं."

"वय कुटलं रं? साटीचा बी न्हवता. लेकीचं लगीन तोंडावर आलेलं."

तात्यांना लेक नव्हती. मी म्हटलं, "कुनाबद्दल बोलताय?"

"आन्नाबद्दल. ह्या सुभेदाराबद्दल."

तो आवाज आता कुठं मला ओळखू आला.

"तात्या? आवं, तुमी जिवंत हाय व्हय?"

तात्यांनाही माझ्याइतकंच दिसतं. त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं आणि म्हणाले, "मी हाय रं. तू हाईस का?"

मग जो गलका झाला तो तुम्हीच समजून घ्या. झालं होतं ते असं. सकाळी साडेनऊपासून रेघ थांबली म्हणून तेजूनं फोन लावले, मी उचलले नाहीत. तिनं शेजारच्या शंकरला सांगितलं की आण्णांच्या दंडावरच्या मशीनची खबर बंद झालीय, जाऊन बघ. शंकर आत गेला, फोन वाजतोय पण दिसत नाही. परसात गेला, विहिरीपाशी चपला. अंगावरचं मशीन बंद म्हणजे अंग बंद, असा त्यानं हिशेब केला. विहिरीत गळ टाकून झाले होते. निरोप नदीपलीकडं गेला तेव्हा मी फाट्यावर पोचलो होतो. तिकडची भावकी म्हणाली, आमच्यात चहा घेऊन आत्ताच गेले की. त्यावर शंकर म्हणाला, मग घरी येऊनच गेले असणार. साडेनऊला बंद पडलेला माणूस तीनला चहा कसा पिईल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. सगळे मोटारसायकलींवर बसून आले. फाट्यावरनं माझ्याच पुढून!

एवढ्यात तेजू घरातनं धावत आली. पुण्याहून गाडी करून आली होती. माझ्या गळ्यात पडली आणि हुंदके द्यायला लागली. पाठोपाठ बायको आली, ती गळ्यात पडली नाही. तिनं फक्त विचारलं, "फोन कुटं हाय?"

मी पिंपातनं फोन काढला. तांदूळ झटकले. आणि माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवाचा निकाल तिथंच लागला. बटण पुण्याला सांगत नव्हतं, पण लिहून ठेवत होतं! फोन जवळ आल्याबरोबर त्यानं दिवसभराचं सगळं एका दमात ओकून टाकलं.

तेजूनं डोळे पुसले आणि स्क्रीनकडं बघत राहिली. रेघ जिन्यासारखी पायरी पायरीनं वर गेलेली. ती म्हणाली, "आण्णा, दहा वाजून वीस मिनिटांनी कुठं होतात?"

मी बाहीवरचे तांदूळ झटकत राहिलो. पण भावकी कशी गप्प बसेल?

"आमच्यात हुतं," कुणीतरी म्हणालं. "आनि ही अकराची पायरी आमची." "ही सगळ्यात उंच कुनाची?" "ती माझ्या शिऱ्याची," गोदाकाकू पदर सावरत म्हणाल्या. आठही घरांची माणसं फोनभोवती जमली. मेलेल्या माणसाला विसरून आपापल्या पाहुणचाराची उंची बघायला लागली. आणि शालनच्या लक्षात आलं की चौथ्या घराला पायरीच नाही, रेघ आडवी.

"सगळ्यांच्यातली साकर चालली," ती म्हणाली, "आमच्यातलीच तेवडी चालली न्हाई व्हय?"

एका घरात मी शहाण्यासारखा वागलो होतो, आणि तेच घर रुसलं. कपाळ माझं, दुसरं काय.

माणसं पांगल्यावर तेजू माझ्याजवळ बसली. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, आवाज दिवसभर रडून बसलेला. म्हणाली, "आण्णा, लोकांचा मान राखलात. मग मांडवात मला बघायचं तुमच्या मनात नाहीच का?" हे मला लागलं हो. मला माझीच लाज वाटली.

निर्णय तात्यांनी दिला. आन्नाचा भरवसा न्हाई, भावकीनं राखण करावी. तेजूनं माझी साखर आठही घरांच्या फोनवर सुरू करून दिली, होणाऱ्या जावयाच्या, ओंकारच्या फोनवर सुद्धा. मग काय विचारता? मी पेरू उचलला की नदीपलीकडनं फोन यायचा. सगळ्यात आधी शालनचा.

साखर उतरली. तारीख टिकली. उजव्या डोळ्यात भिंग बसलं आणि लग्न दणक्यात झालं. अक्षता पडल्या, मला लेकीच्या नथीतला मोतीसुद्धा दिसला, मी डोळे पुसले. मग सगळे आहेर आणि फोटोंत गुंतलेत असं बघून आचाऱ्याकडं गेलो आणि दोन जिलब्या उभ्या उभ्या संपवल्या. पंधरा मिनिटांनी तिसरी घेऊन मांडवाच्या कडेला आलो, आणि पंगतीत आठ फोन एकदम वाजले.

मी स्टेजकडं बघितलं. जावयानं एका हातानं मुंडावळ्या बाजूला केल्या होत्या, दुसऱ्या हातात फोन होता. त्यानं माझ्याकडं बघून नुसतं बोट खाली केलं, ठेवा ती जिलबी, अशी खूण. त्याच्या शेजारी तेजू, आणि तिच्या कपाळावर आठी. मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मला ती आठी अगदी लख्ख दिसली. डोळ्याचं ऑपरेशन फारच झकास झालं होतं.