स्कॉटलंडच्या चार चौकड्या घेऊन आरमोरीला

शहाऐंशी सालच्या जानेवारीत मी आणि बाबा नागपूरहून आरमोरीला गेलो, ते स्कॉटलंडहून आलेल्या एका पत्रामुळे. या ब्लॉगवर मी सहसा ताज्या सहली लिहिते. पण "झाडीपट्टीत जायचं आहे, काय बघू?" असं तुमच्यातल्या दोघातिघांनी विचारलं आणि मला सगळ्यात आधी ते चार दिवस आठवले. तेव्हा मी शाळेत शिकवायचे. बाबा पोस्टातून नुकतेच निवृत्त झाले होते.

माझा धाकटा भाऊ आनंद इंजिनिअर होऊन स्कॉटलंडला गेला होता आणि तिथल्या आयलीनशी त्याचं लग्न ठरलं होतं. पत्र आयलीनच्या वडिलांचं होतं, सोबत आनंदनं केलेलं मराठी भाषांतर. त्यांच्याकडे नवरदेव चौकड्यांच्या लोकरी कापडाचा चुण्यांचा घागरा नेसतो. प्रत्येक कुळाची चौकडी वेगळी, वडिलांकडून आलेली. ती नसेल तर आईकडची चालते, तीही नसेल तर मुलखाची. कागदाला टाचणीनं चार तुकडे लावले होते: आयलीनच्या वडिलांच्या कुळाचा, आईच्या कुळाचा, त्यांच्या जिल्ह्याचा आणि कुणीही वापरावा असा एक. पुढे लिहिलं होतं, "पण आधी तुमच्या घराण्याचं कापड कोणतं ते कळवा. ते असताना आमचं लादणं बरं नव्हे."

बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"त्याला लिही, आपलं काही नाही. हवं ते घाल म्हणावं."

"बाबा, आपल्याकडे तर विणकामच होतं ना?"

"विणायचो आपण. नेसायचे दुसरे." एवढं बोलून ते उठून गेले.

दोन दिवस त्यांनी तो विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून आले आणि म्हणाले, "बाईला विचारलं पाहिजे. तिला माहीत असेल."

बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण, माझी सरजा आत्या. आरमोरीपासून दोन-तीन कोसांवरच्या पळसटोलीत एकटी राहायची. भांडण असं काहीच नव्हतं, पण बाबा अकरा वर्षांत तिच्याकडे गेले नव्हते. एक वर्ष राहून गेलं, मग दुसरं, आणि नंतर तोंड दाखवायचीच लाज वाटायला लागली असावी.

पहिला दिवस: इतवारी स्टेशनावरून नागभीडला जाणारी छोट्या रुळांची गाडी. ती आता बंद झाली. मिळाली असती तर तुम्हाला तिनंच जा म्हटलं असतं. डबा इतका अरुंद, की समोरच्या बाकावरच्या माणसाचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागायचे. उमरेड गेलं, भिवापूरला मिरचीची पोती चढली आणि अर्धा डबा शिंकायला लागला. बाबा खिडकीशी बसले होते. शर्टाच्या खिशात पत्र होतं आणि दर स्टेशनाला ते खिसा चाचपत होते.

नागभीडला उतरून एस.टी.नं ब्रह्मपुरी, तिथून दुसरी गाडी. धान निघून गेलेलं होतं, रिकाम्या बांध्यांत तणसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, ढीग लागले होते, मधूनमधून तलाव. वैनगंगा ओलांडली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "चला, आता गडचिरोली जिल्हा लागला. आमचा नवा जिल्हा." आरमोरीच्या स्टँडवर चहा घेतला. तिथून पळसटोलीला जायला बैलबंडी मिळाली. बंडीवाल्यानं विचारलं, "कोनाकडे जायाचं?"

"सरजाबाईकडे," बाबा म्हणाले. आणि मग नागपुरात त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकली नव्हती त्या बोलीत, "मी तिचा लहाना भाऊ होय."

आत्या अंगणात पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसली होती. सुकडी, काळीसावळी, केस पूर्ण पांढरे. तिनं बाबांकडे पाहिलं, हातातली शेंग सोलून पुरी केली, दाणे टोपल्यात टाकले आणि मगच बोलली.

"आला का गोविंदा. उन्हातून आला. पानी पे आधी."

अकरा वर्षांबद्दल एवढंच. बाबा पाणी प्यायले आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसून शेंगा सोलायला लागले.

जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि त्याच शेंगांची भाजी होती. थंडीत तिकडे गेलात तर या शेंगा चुकवू नका. नुसत्या मिठात उकडूनही छान लागतात. जेवण झाल्यावर मी पत्र काढलं आणि आत्याला सगळं सांगितलं. तिनं ते चार तुकडे मांडीवर ओळीनं ठेवले. एक उचलून उजेडात धरला, नखानं धागे उसवल्यासारखे बाजूला केले आणि मोजायला लागली.

"हिरव्याचे बारा. काळ्याचे सहा. पिवळ्याचे दोन. मंग उलटं मोजत वापस." तिनं तुकडा फिरवला. "आडवंबी तसंच. जसा ताना, तसाच बाना. बेस विनलं."

"आत्या, तुम्हाला विणता येतं?"

तिनं बाबांकडे पाहिलं. "हिले सांगतलं नाई का?"

बाबा खाली बघत होते. "नाई सांगतलं."

मग तिनंच सांगितलं. बाबा दहा वर्षांचे झाले तेव्हा आजोबा त्यांना मागावर बसवणार होते, शाळा बंद. आत्या तेव्हा अठराची होती. नवरा वारल्यामुळे माहेरी परतलेली. मागावर बाईनं बसायची पद्धत नव्हती. बाईनं सूत काढायचं, धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायच्या. ती आजोबांना म्हणाली, पोरगं शाळेत जाऊ दे, मी बसते. आजोबांनी चार दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. पाचव्या दिवशी, विणकर पाय सोडून बसतो त्या मागाच्या खड्ड्यात तिला जागा करून दिली.

"वीस वर्सं विनलं," ती म्हणाली. "मंग गिरणीचं कापड आलं घरोघरी. आता थ्या खड्ड्यात कोंबड्या बसतेत. जा पाहून ये."

मी जाऊन पाहिलं. खरंच घराच्या मागल्या पडवीत कमरेइतका खोल खड्डा होता. तळाशी तणस, तणसावर दोन कोंबड्या.

परत आले तेव्हा बाबा विचारत होते, "बाई, आपल्या घरचं कापड कोन्तं म्हनायचं?"

आत्या बोटांवर मोजत सांगायला लागली. कुणब्यांच्या लुगड्याला हिरवी किनार, गोंडांच्या पांढऱ्या कापडाला तांबडी, तेल्यांची रुंद, पाटलाच्या घरची दुहेरी. बाई रस्त्यानं चालली की किनारीवरून तिचं घर कळायचं. सगळ्यांच्या किनारी तिला अजून पाठ होत्या.

"आनि आपली?"

"आपली कुठी किनार. जे सूत उरे त्याचं आपलं कापड. एका लुगड्यात चार रंग, एकाचा एकाले मेळ नाई." तिनं पदर सारखा केला. "एक डाव विनलं ना आपल्यासाठी. छप्पनले."

छप्पन साली नागपूरला दीक्षेला जायचं होतं. पांढरे कपडे घालून या, असा निरोप आला होता. नवं सूत आणून आत्यानं घरातल्या सात माणसांसाठी पांढरं विणलं. माग बंद करण्याआधीचं तिचं ते शेवटचं मोठं काम. मी तेव्हा तीन वर्षांची होते. माझ्याही अंगात त्याच कापडाचा झगा होता म्हणे.

"ते कापड आहे का अजून?" मी विचारलं.

"कुठी ऱ्हाते बाई तीस वर्सं! पुढच्या वर्सी आनंदा झाला, तवा माझं लुगडं फाडून त्याले दुपटी केली. मऊ झालं होतं."

बाबा उठून अंगणात गेले.  परत आले तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज साफ होता. "बाई, तसंच एक विनून देशील का? खांद्यावर घ्यायपुरतं. पोराच्या अंगावर ते असू दे."

"माग कुठी आहे रे?"

"शोधू."

दुसरा दिवस: सकाळच्या बंडीनं तिघं आरमोरीला. बाजाराच्या मागल्या गल्लीत रहीमभाईंचं सुताचं दुकान होतं. त्यांच्या घरात मागच्या खोलीत एक माग अजून चालायचा, पंचे विणायचे त्यावर. बाबा समजावून सांगत होते तोवर रहीमभाई आत्याकडेच बघत होते.

"पळसटोलीच्या सरजाबाई ना तुम्ही? तुमचं कापड अब्बाच विकत होते. म्हनायचे, इस औरत का कपडा धोने पे और अच्छा होता है." त्यांनी मागावरची गादी झटकली. "बसा. पंच्याचा ताना चढवलेलाच आहे, पांढरा. जेवढं पायजे तेवढं विना."

आत्यानं ताण्यावर हात फिरवला. "किनार कोन्ती टाकू? छप्पनले नव्हती."

हे तिनं बाबांना विचारलं होतं. बाबांनी दुकानातल्या लडींकडे पाहिलं. पत्रातल्या कुळांच्या चौकड्या, पाटलाची दुहेरी किनार, सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं असणार. मग त्यांनी निळी लड उचलली.

"ही. बारीक टाक."

रहीमभाईंनी दोन्ही काठांची चार-चार पांढरी सुतं तोडून तिथे निळी जोडून दिली. आत्या खड्ड्यात उतरली. पहिल्या दोन विती तिचा हात अडखळला, धागा दोनदा तुटला. ती स्वतःशी पुटपुटत राहिली. मग एकदम लय लागली आणि खोलीत खटक-खटक असा सारखा आवाज सुरू झाला. बाबा कोपऱ्यात चरख्याशी बसले आणि कांड्या भरायला लागले. साठीला आलेले माझे वडील, ज्यांच्या एका सहीसाठी पोस्टाच्या खिडकीबाहेर माणसं रांगेत उभी राहायची, ते दहाव्या वर्षापर्यंत हेच काम करत होते. कांडी किती घट्ट भरायची ते त्यांच्या हातांना आठवत होतं.

"सैल झाली," आत्या न बघता म्हणायची.

"हो बाई," बाबा म्हणायचे आणि पुन्हा भरायचे.

रहीमभाईंच्या बायकोनं दुपारी भात आणि तलावाच्या मासोळीचा रस्सा वाढला. पैशांचं विचारलं तर त्या रागावल्याच. मुक्कामही तिथेच केला. आज तुम्ही गेलात तर आरमोरीत राहायला लॉज मिळेल, आणि टसर बघायला मात्र नक्की थांबा. इथला कोसा, तपकिरी-सोनेरी, रंग न दिलेलाच सुंदर दिसतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी कापड उतरलं. शेवटाकडे आत्यानं आडवीही निळी रेघ टाकली होती, सुरुवातीला टाकली होती तशीच. ती उभ्या रेघांना जिथे छेदत होती तिथे चारही कोपऱ्यांत एक-एक लहानशी चौकडी उमटली होती. बाकी सगळं पांढरं.

"झाली तुमच्या पोराची चौकडी," ती म्हणाली आणि कंबर धरून खड्ड्यातून वर आली. बाबांनी हात दिला. मग मी ते चार तुकडे पुन्हा तिच्यापुढे ठेवले आणि विचारलं, खाली नेसायला यातलं कोणतं? तिनं हिरवा-काळा-पिवळा उचलला.

"हे कोनाचं?"

"आयलीनच्या आईकडचं."

"मंग हेच. पोरीच्या मायचं खाली, आपलं वर. आनि तिच्या बापाले लिहा, म्हनावं इचारलं तुमी, बरं वाटलं."

चौथ्या दिवशी आम्ही परतलो. आत्याला पळसटोलीला सोडून मग एस.टी. धरली. बाबांनी तिला नागपूरला चल म्हणून विनवलं, ती नाही आली. कोंबड्या कोण बघेल, म्हणाली. वाटेत ब्रह्मपुरीला बाबांनी वडे घेतले आणि पहिल्यांदाच गाडीत भरभरून बोलले. शाळेत जाताना आत्या त्यांच्या डब्यात काय द्यायची, आजोबा किती तापट होते, मागाचा आवाज थांबला की त्यांची झोप कशी मोडायची. मला तीस वर्षांत कळलं नव्हतं तेवढं नागभीड यायच्या आत कळलं.

पार्सल गेलं. एप्रिलमध्ये फोटो आले आणि बाबा ते घेऊन लगेच पळसटोलीला निघाले. मीही सुट्टी काढून बरोबर गेले. फोटोत आनंद दगडी चर्चच्या पायऱ्यांवर उभा होता. खाली हिरवी चौकडी, गुडघे उघडे, डाव्या खांद्यावरून पाठीवर गेलेलं पांढरं कापड, कोपरा वाऱ्यानं उडालेला. बाबांनी आयलीनच्या वडिलांचं पत्र आत्याला वाचून दाखवलं. पाहुण्यांनी विचारलं होतं, हे कापड कोणत्या कुळाचं? आनंदनं उत्तर दिलं होतं, माझ्या सरजा आत्याचं. तिथल्या एका म्हाताऱ्या विणकरानं कोपऱ्यातली चौकडी हातात धरून धागे मोजले होते म्हणे.

आत्यानं फोटो डोळ्यांजवळ धरला. आभाळ, ओल्या पायऱ्या, उघडे गुडघे, सगळं नीट पाहिलं. मग काळजीनं बाबांना विचारलं, "गोविंदा, एवढ्या थंडीत सुती काऊन दिलं आपन? गारठलं असंल ना पोरगं."

"लोकर होती ना खाली, बाई."

"वरून म्हनते मी."

बाबा हसायला लागले. हसता हसता त्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. त्या अकरा वर्षांची भरपाईच जणू, पुढे ती होती तोवर बाबा दर महिन्याला आठ दिवस पळसटोलीत राहायचे. नागपुरात आई म्हणायची, घर इथे आहे की तिथे? बाबा पिशवी भरत म्हणायचे, "जाऊन येतो. बाई वाट पाहून राह्यली असंल."