प्रयाग मावशींचे बारा किलो

काट्यावर चढण्याआधी प्रयाग मावशी अंगातली सगळी हवा सोडून द्यायच्या. आधी चपला काढायच्या, मग चष्मा, मग हातातल्या बांगड्या एकेक करून पिशवीत टाकायच्या, कमरेची किल्ली माझ्या हातात द्यायच्या, आणि शेवटी तोंडाचा चंबू करून लांबलचक फुंकर मारायच्या. "वाऱ्याचं बी वजन असतंय, सर," असं मला, म्हणजे सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला, समजावून सांगायच्या. मागं उभी असलेली लठ्ठ माणसांची रांग खो खो हसायची आणि मी कपाळावर हात मारून घ्यायचो.

काटा होता वाशी या आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका भुसार अडतीतला. इतर दिवशी त्याच्यावर सोयाबीनचे कट्टे चढायचे, रविवारी सकाळी आम्ही. अडतीचे शेठ स्वतःच एकशे बारा किलोचे, त्यामुळे जागा फुकट मिळाली होती. गटाचं नाव 'दोन वेळा, बास!' आणि त्याचा प्रमुख मी. नियम सोपा: दिवसात दोनदा जेवायचं, पोटभर जेवायचं, मधे पाण्याशिवाय काही तोंडात टाकायचं नाही. चहासुद्धा नाही. संध्याकाळी तासभर चालायचं. मी स्वतः पाच महिन्यांत अकरा किलो उतरलो होतो आणि, खरं सांगायचं तर, त्यानंतर असह्य झालो होतो. बायको म्हणायची, "तुमचं पोट गेलं, पण तोंड वाढलं."

मावशी आमच्याच शाळेत खिचडी शिजवायच्या. वाशीपासून आठ किलोमीटरवरची शाळा, एकशे चाळीस मुलं, आणि पत्र्याच्या शेडमध्ये दोन मोठी पातेली. अकरा वर्षं हेच काम. बुटक्या, रुंद, आणि आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला खेळणारं पोर इकडं ताट घेऊन यावं. एखाद्यानं "बास" म्हटलं की त्या आणखी अर्धा डाव वाढायच्या आणि म्हणायच्या, "बास तू न्हाय म्हणायचं. बास म्या म्हणायचं." पाचवीतली एक मुलगी घरून न जेवता यायची, तिला त्या कधी काही विचारायच्या नाहीत, फक्त तिचं ताट आधी भरायच्या.

ऑगस्टमध्ये एका दुपारी त्या माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हात पदराला पुसत म्हणाल्या, "सर, तुमच्या त्या गटात मला घ्या. बारा किलो उतरवायचेत." मला वाटलं गुडघे दुखत असतील. तर त्यांचा धाकटा भाऊ सिद्धार्थ तेरखेड्याला राहायचा, फटाक्यांच्या कामावर होता, आणि त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा सोलापूरला रक्त धुवायला जायचा. मावशींची किडनी त्याला जुळत होती. सगळ्या तपासण्या पार पडल्या, आणि शेवटी तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, चौऱ्याऐंशी किलोवर ऑपरेशन करणार नाही, बहात्तरवर या.

"जुळलंय सगळं," मावशी म्हणाल्या. "रक्त जुळलं, अजून काय काय जुळलं. निस्तं माझं अंगच आडवं आलंय." एवढं बोलून त्यांचा तो मोठा आवाज बसला. मी म्हणालो, "मावशी, सहा महिन्यांत बहात्तर. माझा शब्द." शब्द द्यायला माझं काय जात होतं?

गटाला हे कळल्यावर गट खरंच उभा राहिला, हे मला कबूल करायला हवं. एरवी हा गट म्हणजे डोक्याला ताप. पहाटे पाचला फोनवर गुलाबाची फुलं, मग दिवसभर "सर, शेंगदाणे चालतील का", "सर, उसाचा रस म्हणजे पाणीच ना". चालतील का म्हणजे खाऊन झालेलं असतं! पण मावशींसाठी चार बायका रोज संध्याकाळी त्यांच्या गावापर्यंत रिक्षानं जायच्या आणि त्यांच्याबरोबर चालायच्या. शेठनी त्यांच्यासाठी अडतीत बसायला खुर्ची ठेवली. मावशींकडं साधा फोन, म्हणून त्यांचं वजन मी गटावर टाकायचो, आणि पन्नास जण टाळ्यांची चित्रं पाठवायचे. ऑक्टोबरपर्यंत चौऱ्याऐंशीचे ऐंशी झाले.

आणि तिथं काटा अडला. ऐंशी. पुढच्या रविवारी ऐंशी. त्याच्या पुढच्या रविवारी ऐंशीला शंभर ग्रॅम वर. बांगड्या काढून, किल्ली देऊन, हवा सोडून ऐंशी! मी विचारायचो, "मावशी, खरं सांगा, मधे काही खाता का?" त्या म्हणायच्या, "न्हाय ओ सर. सकाळी नऊला जेवते, सांजच्याला सातला जेवते. भावाचा जीव टांगलाय, म्या कशाला खोटं बोलू?"

दिवाळीच्या सुट्टीत मात्र चमत्कार झाला. सगळा गट चकल्या खाऊन फुगला, शेठ तर तीन किलो वाढले, आणि मावशी अठ्ठ्याहत्तर! मी भर रांगेत सांगितलं, "बघा, मनावर घेतलं की होतं." शाळा सुरू झाली आणि पंधरा दिवसांत त्या पुन्हा एकोणऐंशीवर. माझं डोकंच फिरलं. तिकडं सिद्धार्थच्या पायावर सूज चढत होती, आणि इकडं ही बाई मनावर घेत नाही असं माझं पक्कं मत झालं.

त्यानंतरचे सात आठवडे मी त्यांच्याशी जसा वागलो ते लिहायला मला आवडत नाही. एका रविवारी सगळ्यांसमोर म्हणालो, "मग काय वारा खाऊन वजन राहतंय का तुमचं?" लोक हसले. मावशींनी बांगड्या भरल्या, माझ्या हातातली किल्ली घेतली आणि निघून गेल्या. तेवढ्यावर मी थांबलो नाही. एक दिवस शाळा सुटल्यावर सरळ त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "मावशी, तुमचं स्वयंपाकघर बघायचंय." त्यांचे मालक ओसरीवर बसले होते, ते नुसते बघत राहिले. मी फळीवरचे डबे काढले. गूळ, शेंगा, जवसाची चटणी. गुळाच्या डब्याला मुंग्या लागलेल्या, म्हणजे कुणी रोज हात घालत नव्हतं, पण तेवढी अक्कल मला कुठली? "हे घरात ठेवूच नका," असं फर्मान काढून मी परत आलो. मावशी दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "बरं सर." 

जानेवारीत शाळेच्या तपासणीला साहेब आले. कपाटं बघितली, हजेरी बघितली, आणि खिचडीची वेळ झाल्यावर चव नोंदवही मागितली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: मुलांना वाढण्याच्या अर्धा तास आधी कुणीतरी मोठ्या माणसानं ती खिचडी खायची असते. आमच्या शाळेत पूर्वी एकदा दोन-तीन मुलांना उलट्या झाल्या होत्या, त्यामुळे मुख्याध्यापकांचा दंडक होता की चव म्हणजे चमचाभर नव्हे, चांगली वाटीभर खायची, अर्धा तास थांबायचं, आणि काही झालं नाही तरच मुलांना बसवायचं. नोंदवहीत रोज सही माझी. 'चव चांगली.' 'मीठ योग्य.' 'चव उत्तम.'

साहेबांनी सहज मावशींना विचारलं, "चव कोण बघतं, बाई?"

"म्याच बघते, साहेब," मावशी म्हणाल्या. "एक वाजता वाटीभर खाते. सरांचा दोन टाइमाचा नेम असतोय, त्यांना मधे चालत न्हाय. जूनपासनं म्याच खाते."

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या दिवशी मीच त्यांना म्हणालो होतो, "मावशी, आजपासून तुम्हीच बघत जा चव, मला आता मधे काही चालत नाही." म्हणालो आणि विसरलो. नंतर ऑगस्टमध्ये त्यांना गटात घेतलं, नियम पाठ करून घेतले, पाण्याशिवाय काही नाही म्हणून बजावलं, आणि रोज दीड वाजता त्या नोंदवहीवर डोळे झाकून सही करत राहिलो. दिवाळीत शाळा बंद होती. वजन का उतरलं होतं ते तिसरीतल्या पोरालाही कळलं असतं!

साहेब गेल्यावर मी शेडमध्ये गेलो. "मावशी, तुम्ही मला सांगितलं का नाही? मी इतक्यांदा विचारलं, मधे काय खाता!"

त्यांना माझा प्रश्नच कळेना. "खाते कुठं? ते तर काम हाय की, सर. लेकरांच्या पोटात जायच्या आधी आपल्या पोटात घालायचं. तुमीच तर सांगितलावता."

एका वाटीनं काय होतं, असं कुणी म्हणेल. त्यांच्या हातची वाटी म्हणजे डावभर भात, वर तेल, आणि तीसुद्धा रोज. आमच्या गटाचा सगळा खटाटोपच मधे तोंड न चालवण्यावर उभा होता. आणि मार्ग किती सोपा होता! मी माझं सकाळचं जेवण एक वाजता शाळेत घेतलं असतं तर चवही बघून झाली असती आणि माझा नेमही टिकला असता. दुसऱ्या दिवसापासून तेच केलं. एका दिवसाचा बदल, आणि मला तो सुचायला सात महिने लागले. स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावीशी वाटायची.

मावशी उतरायला लागल्या. शहात्तर, पंचाहत्तर, मार्चच्या दुसऱ्या रविवारी साडेत्र्याहत्तर. रांगेतल्या बायका त्यांच्यापेक्षा जास्त काट्याकडं बघायच्या. मावशी आता वाळल्या होत्या, ब्लाउज सैल झाला होता, गालाची हाडं दिसायला लागली होती. मी सोलापूरला फोन लावून विचारलं, दीड किलोसाठी कशाला अडवता? तिकडून सांगितलं, वजनाचं आम्ही बघून घेऊ, पण पेशंटच्या हृदयाला आता ऑपरेशन झेपणार नाही. जानेवारीत आले असते तर बघितलं असतं.

हे मावशींना सांगायचं धाडस मला झालं नाही. त्यांना ते भावजयीकडून कळलं. तरी पुढच्या रविवारी त्या आल्या, चपला काढल्या, चष्मा काढला, आणि बहात्तर किलो आठशे ग्रॅम भरल्या. कुणी टाळी वाजवली नाही. त्याच आठवड्यात सिद्धार्थ गेला. त्याला दोन लहान मुलं.

तेरखेड्याला मी गेलो होतो, गर्दीत मागं उभा राहून परत आलो. पंधरा-वीस दिवसांनी मावशी शाळेत आल्या त्या शेडची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायला. भावजय एकटी पडली होती, मुलं बारकी, म्हणून मालकांना घेऊन तेरखेड्यालाच राहायला जाणार होत्या. पोरं भोवती गोळा झाली. त्यांनी एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या न जेवता येणाऱ्या मुलीचं नाव नव्या बाईला दोनदा सांगितलं.

मी त्यांच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत गेलो. ऊन मी म्हणत होतं. पिशवी मागितली तर दिली नाही. शेवटी म्हणालो, "मावशी, माझं चुकलं. ती वाटी मीच खायला हवी होती. तुमच्या भावाला..." 

"वाटीचं काय न्हाय, सर," त्या म्हणाल्या. "ती तुमी बी विसरलावता, म्या बी विसरलेवते. दोघं बी येडे." थोडं चालून थांबल्या. "पर तुमी माझ्या घरी येऊन डबं उघडून बघितलं. मालकांसमोर. सात आठवडं मला चोर धरलं. माझाच भाऊ मरायला लागलावता आन् म्या चोरून खाते, असं वाटलं तुमाला. एकदा शाळंत, एक वाजता, माझ्याजवळ येऊन बसला असता तर दिसलं असतं की सगळं."

  शेड माझ्या वर्गापासून वीस पावलांवर होती.

काळी-पिवळी आली. मावशी आधी पिशवी आत ठेवून मग स्वतः चढल्या. दाराजवळची जागा मिळाली. मी खिडकीशी जाऊन म्हणालो, "येत जा, मावशी, अधूनमधून. रविवारी या, सगळी विचारतात."

"कशाला, सर?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होत्या. मग त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली, "चला ओ."